वारसा परिसरातील घराची दुरुस्ती आणि नोटिशीतली मुदत

प्रश्न : आमचे मुंबईतील वडिलोपार्जित एकमजली घर महापालिकेच्या यादीतील वारसा परिसरात आहे. गळती थांबत नव्हती म्हणून आम्ही कौले काढून रंगीत पत्रे घातले, कुजलेला लाकडी सज्जा उतरवून सिमेंटचा केला आणि आतील न्हाणीघर, स्वयंपाकघर व वायरिंग नवे केले. हे काम ‘टेनंटेबल रिपेअर’ (घर राहण्याजोगे ठेवण्यापुरती किरकोळ दुरुस्ती) आहे, परवानगी लागत नाही, असे कंत्राटदाराने सांगितले होते. आता नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली, विनापरवाना काम काढून टाकण्यासाठी एक महिन्याची नोटीस आली आहे. गल्लीतील इतरांनीही खिडक्या-छपरे बदलली आहेत. त्यांना कोणी विचारत नाही. १८ दिवस झाले. शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसात विनंतीपत्र दिले आहे. दिवाणी न्यायालयातून स्थगिती मिळेल का?

उत्तर : गळते छप्पर दुरुस्त करण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि गल्लीचे जुने रूप टिकावे यात सर्वांचे हित आहे, या दोन्ही गोष्टी वादातीत असल्याने त्यांवर मी शब्द खर्च करत नाही. तुमचे प्रकरण एका अर्जावर उभे राहील किंवा पडेल. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३, पोटकलम (३) प्रमाणे, नोटीस मिळालेल्या व्यक्तीला झालेले बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी कलम ४४ खाली मागता येते. पण हा अर्ज नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आतच करावा लागतो. तो मुदतीत दाखल झाला, तर त्याचा अंतिम निर्णय होईपर्यंत केवळ नोटिशीच्या बळावर तुमच्या बांधकामाला हात लावता येत नाही. न्यायालयात ज्या स्थगितीसाठी तुम्ही खेटे घालू पाहता, ती या कायद्याने स्वतःहून देऊ केली आहे, आणि तिच्या मुदतीतले १८ दिवस तुम्ही सह्या गोळा करण्यात घालवलेत.

तुमचे विनंतीपत्र हा असा अर्ज नाही. पोटकलम (३) मध्ये अर्ज ‘विहित रीतीने’ करायचा आहे, म्हणजे ठरलेल्या नमुन्यात, शुल्क भरून, परवानाधारक वास्तुविशारदाने केलेल्या नकाशांसह आणि मालकीच्या कागदपत्रांसह. ‘आम्ही येथे तीन पिढ्या राहतो, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा’ या मजकुराखाली गल्लीतील सर्वांच्या सह्या असल्या तरी त्याला आवक क्रमांकापलीकडे काही मिळत नाही. मुदत नोटीस बजावल्याच्या दिवसापासून मोजा. नोटिशीवर छापलेली तारीख आणि ती तुमच्या हाती पडल्याची किंवा दारावर डकवल्याची तारीख यांत अनेकदा फरक असतो, तेव्हा पाकीट, पोचपावती आणि दारावरच्या नोटिशीचा फोटो जपून ठेवा. मात्र त्या फरकाचे दिवस जमेस धरून निवांत राहू नका. नोटिशीच्या डोक्यावरचे कलमही एकदा नीट वाचून घ्या, कारण हीच नोटीस महापालिका अधिनियमाच्या कलम ३५१ खाली असती तर मार्ग वेगळा, खुलासा देण्याचा, असता आणि मुदतही बहुधा बरीच कमी असती.

आता कंत्राटदाराच्या अर्धसत्याकडे वळतो, कारण त्यावरच नोटिशीचे उत्तर रचण्याचा मोह तुम्हाला होणार, हे पत्रावरून दिसते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ ने टेनंटेबल रिपेअर्सना पूर्वसूचनेच्या बंधनातून वगळले आहे हे खरे, पण त्यात काय बसते याची यादीही त्याच कलमात आहे. गिलावा, रंगकाम, फरशी बदलणे, संडास-न्हाणीघराची दुरुस्ती, नळ, सांडपाण्याचे पाइप आणि विजेच्या जोडण्या बदलणे ही कामे त्यात येतात. छप्पर नव्याने घालणेही येते, परंतु ‘त्याच साहित्याने’. वेगळे साहित्य वापरून केलेली छपराची दुरुस्ती, घराच्या लांबी-रुंदी-उंचीत केलेला बदल आणि भार पेलणारे भाग काढणे किंवा बदलणे हे सगळे तेथे स्पष्ट शब्दांत वर्ज्य आहे. कौलांच्या जागी पत्रा आणि लाकडी सज्ज्याच्या जागी सिमेंट घालून ही दुरुस्ती कलम ३४२ मध्ये कशी बसते, हे कंत्राटदाराला विचारायला हवे होते, आणि तेही काम सुरू होण्यापूर्वी.

समजा, ती बसली असती. तरीही १९६६ च्या कायद्याचे कलम ४३ आडवे येतेच. विकास परवानगीशिवाय करता येत नाही असे हे कलम म्हणते आणि त्याच्या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या जोडवाक्यात, केवळ इमारतीच्या आतील भागावर परिणाम करणारी किंवा बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक न पाडणारी देखभालीची व सुधारणेची कामे परवानगीतून मोकळी ठेवते. परवानगी लागत नाही, ही जी लोकांची पक्की समजूत असते, तिचा उगम येथे आहे. पण त्याच वाक्याच्या शेवटी वारसा इमारत आणि वारसा परिसर यांना या सवलतीतून वगळले आहे. शिवाय ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येतच वारसा इमारतीत किंवा तिच्या परिसरात केलेला कोणताही लक्षणीय अथवा संरचनात्मक बदल मोडतो. म्हणजे दोन रस्ते पलीकडच्या माणसाला जी मोकळीक आहे, ती तुम्हाला नाही. मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून लागू आहे आणि आज विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या विनियम ५२ मध्ये ती समाविष्ट आहे; यादी आम्हाला ठाऊक नव्हती, या बचावाला फारसे वजन मिळणार नाही. त्यामुळे परवानगी लागत होती की नव्हती या वादात उरलेले दिवस घालवण्यात अर्थ नाही.

अर्जात काय मागायचे, यावर मात्र मनापासून वेळ द्या. झालेले सर्व काम जसेच्या तसे ठेवण्याची मागणी केलीत, तर वारसा परिसरातील कामांवर महापालिकेला सल्ला देणाऱ्या वारसा समितीला तुम्ही सरसकट नकार देण्याची सोय करून द्याल. कलम ५३ च्या पोटकलम (५) मध्ये अंशतः परवानगीची तरतूद आहे. बांधकामाचा जेवढा भाग ठेवण्यास मंजुरी मिळते तेवढ्यापुरती नोटीस मागे पडते आणि उरलेल्या भागापुरती कायम राहते. म्हणून अर्जाचे दोन भाग करा. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि वायरिंग कायम ठेवण्याची परवानगी मागा. रस्त्यावरून दिसणाऱ्या भागाबद्दल, म्हणजे छपराचा उतार व कौले, सज्जा, कठडा आणि खिडक्या यांबद्दल, ते पूर्ववत करण्याचा कालबद्ध प्रस्ताव स्वतःहून द्या. कौलांखाली आजच्या पद्धतीचा जलरोधक थर घालण्याची परवानगी त्याच प्रस्तावात मागता येईल. गळती थांबवायची होती ना, ती अशीही थांबते आणि बाहेरून छप्पर पूर्वीसारखेच दिसते. नकाशे संवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून करून घ्या आणि सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल जोडा. सज्जा खरोखर कुजला होता हे त्या अहवालाने सिद्ध झाले, तर निदान तुमच्या हेतूबद्दल शंका उरणार नाही.

काढलेली कौले आणि सज्ज्याचा कठडा सध्या कोठे आहे, हे तुम्ही कळवलेले नाही. कंत्राटदाराने जुने लाकूड विकले असेल तर ते शोधा. विकले नसेल तर आजच ताब्यात घ्या. मंगलोरी कौलाच्या पोटावर बहुधा कारखान्याचा शिक्का असतो, त्याचा फोटो काढून अर्जाला जोडा. कठड्याचा एक गज, एक कोरीव कंस, सज्ज्याखालची एक पट्टी हाती असेल, तरी सुताराला बाकीचे त्या मापाने घडवता येते. जुन्या लग्नसमारंभांच्या फोटोंत घराचा दर्शनी भाग दिसत असेल तर तेही उपयोगी पडतील.

बाकीच्या मुद्द्यांवर मी हातचे राखूनच सांगू शकतो. तुमचे घर स्वतः श्रेणीबद्ध आहे (म्हणजे यादीत त्याला महत्त्वानुसार श्रेणी दिलेली आहे) की केवळ परिसराच्या हद्दीत येते, हे यादीतील नोंद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि समितीची नजर किती कडक असेल हे बरेचसे त्यावरच ठरते. पहिल्या श्रेणीत मजबुतीकरणापलीकडे आतूनही हात लावू दिला जात नाही, तर तिसऱ्या श्रेणीत आत-बाहेर बदलांना एकंदरीत वाव असतो. शेजाऱ्यांचा दाखला देऊ नका. एकाच्या बेकायदेशीर कामावर कारवाई झाली नाही म्हणून दुसऱ्याला तसाच हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. शिवाय ज्यांच्या सह्या तुम्ही घेतल्या, त्यांच्याच छपरांकडे तुम्ही अधिकाऱ्याचे बोट वळवाल. दंड भरून बांधकाम नियमित करून घेण्याची तरतूद कायद्यात असली, तरी वारसा परिसरात तिच्या भरवशावर राहण्याचा सल्ला मी देणार नाही.

दिवाणी दाव्याबाबत सांगायचे तर, या कायद्याखालील नोटिशीला दाव्यात आव्हान देण्यास कलम १४९ आडकाठी करते. नोटीस अधिकारबाह्य असल्याचे दाखवून काही पक्षकार त्यातूनही वाट काढतात, पण तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही. आणि अंतरिम स्थगिती मिळाली तरी पुढे काय होते, हे आमच्या न्यायालयांत रोज दिसते: तारखांवर तारखा पडतात, महापालिकेचे उत्तर पुढच्या तारखेला येणार असते, आणि घर त्या अवस्थेत चार-पाच पावसाळे काढते, कारण स्थगितीमुळे पाडणे थांबते तसे उरलेले कामही थांबते.

मुदतीत अर्ज गेला नाही, तर महापालिका बांधकाम काढून त्याचा खर्च तुमच्याकडून वसूल करू शकते, आणि कलम ५२ खाली खटलाही होऊ शकतो. त्यात किमान एक महिना ते तीन वर्षे कैद आणि २,००० ते ५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. दंडाच्या रकमेकडे पाहून हसू नका, आधीचे शब्द वाचा. दरम्यान घरात एक खिळाही ठोकू नका. ताडपत्री घालायची असेल तर लेखी कळवून घाला.

अर्ज दाखल झाल्यावर ६० दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची कलम ४५ मध्ये तरतूद आहे. परंतु काम नियमावलीशी पूर्णतः सुसंगत असेल तरच ती लागू होते, आणि तुमचे नाही, त्यामुळे महापालिकेच्या मौनाचा अर्थ होकार असा लावू नका. अर्ज नाकारला गेला, तर कलम ४७ प्रमाणे आदेश कळवल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. ते ४० दिवस तरी सह्या गोळा करण्यात घालवू नका. सध्या उरलेल्या दिवसांतला पहिला दिवस वास्तुविशारदाकडे आणि दुसरा अर्जाचे शुल्क भरण्यात जाऊ द्या. नकाशात त्रुटी निघाल्या तर त्या मागाहून दुरुस्त करता येतील, पण दाखल झाल्याची तारीख मागाहून बदलता येणार नाही.