'विनावॉरंट' आणि 'बेकायदा': युद्धकाळातील पाळतीविषयी काही शब्द

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष युद्धकाळात न्यायालयाच्या वॉरंटाशिवाय लोकांचे दूरध्वनी ऐकण्याचा हुकूम देऊ शकतात का, या वादाविषयी मराठीत लिहिताना 'विनावॉरंट पाळत' म्हणावे की सरळ 'बेकायदा पाळत' म्हणावे, आणि त्या वादाच्या संदर्भात 'युद्धकालीन अधिकार' ही शब्दयोजना बरोबर आहे का?

यातील पहिले दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. 'विनावॉरंट' हा शब्द काय घडले ते सांगतो, तर 'बेकायदा' हा शब्द जे घडले त्यावर निकाल देतो. अमेरिकेतील सगळा वाद या दोन शब्दांमधल्या जागेत चालला आहे, आणि लिहिणाऱ्याने एकाऐवजी दुसरा शब्द ठेवला की तो वाद वाचकापर्यंत पोहोचतच नाही.

तरीही ही गल्लत का होते, हे समजण्यासारखे आहे. 'विनापरवाना बांधकाम', 'विनातिकीट प्रवास' अशा प्रयोगांमुळे 'विना-' हा पूर्वपद म्हणून आला की आपल्या कानाला गुन्ह्याची चाहूल लागते. पण 'विनाअनुदानित शाळा' किंवा 'विनाशर्त माफी' यांत कोणाचाही दोष सूचित होत नाही. म्हणजे दोष त्या पूर्वपदात नाही. जी गोष्ट नाही असे आपण सांगतो ती असणे बंधनकारक होते की नव्हते, यावर सारे ठरते. खुद्द 'विनावॉरंट' हा शब्द आपल्याकडे सर्वाधिक ऐकू येतो तो अटकेच्या संदर्भात, आणि तेथे तर तो संपूर्णपणे कायदेशीर आहे: ज्या गुन्ह्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात तोच दखलपात्र गुन्हा, अशी भारतीय फौजदारी कायद्याची व्याख्याच आहे. तेव्हा अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत 'विनावॉरंट' लिहिल्यावर पुढचा प्रश्न उरतोच की तेथे वॉरंट बंधनकारक होते का, आणि तो उरला पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर त्या देशात काळानुसार बदलत गेले. 1791 मध्ये संमत झालेल्या चौथ्या घटनादुरुस्तीने अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण दिले. परंतु 1928 मध्ये ओल्मस्टेड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की घरात न शिरता तारेवरून संभाषण ऐकणे ही झडतीच नव्हे. मे 1940 मध्ये, अमेरिका अजून युद्धात उतरलेली नसताना, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपले ॲटर्नी जनरल (न्याय विभागाचे प्रमुख) रॉबर्ट जॅक्सन यांना टिपण पाठवून हेरगिरीचा संशय असलेल्यांचे दूरध्वनी ऐकण्यास मुभा दिली, आणि हे शक्य तितके परकीयांपुरते मर्यादित ठेवावे असेही सांगितले. पुढे 1967 मध्ये कॅट्झ खटल्यात ओल्मस्टेडचा निकाल बाजूला सारला गेला आणि चोरून ऐकणे हीसुद्धा झडतीच ठरली. 1972 मध्ये, व्हिएतनाम युद्ध सुरू असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की देशांतर्गत सुरक्षेच्या नावाखाली वॉरंटाशिवाय पाळत ठेवता येणार नाही. मात्र परकीय सत्ता आणि त्यांचे हस्तक यांच्याविषयीचा प्रश्न न्यायालयाने जाणीवपूर्वक खुला ठेवला.

त्या खुल्या जागेवर 1978 मध्ये काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, परकीय गुप्तवार्ताविषयक पाळतीचा कायदा केला आणि त्यासाठी एक विशेष न्यायालय स्थापले. येथे शब्दांबाबत एक बारकावा नोंदवला पाहिजे. हे न्यायालय देते तो काटेकोरपणे 'आदेश' असतो; त्यासाठी गुन्ह्याचा पुरावा लागत नाही, तर लक्ष्य असलेली व्यक्ती परकीय सत्तेची हस्तक असल्याचे मानण्यास पुरेसे कारण दाखवावे लागते. म्हणून जेथे नेमकेपणा महत्त्वाचा आहे तेथे 'न्यायालयीन आदेशाविना' असे लिहावे. वृत्तपत्रीय लेखनात 'विनावॉरंट' चालेल, कारण इंग्रजी चर्चेतही वॉरंट हाच शब्द रूढ झाला आहे.

आता 'युद्धकाळ'. हा शब्द आपण सैलपणे वापरतो, पण या विषयात तो सैलपणा महागात पडतो. 1978 च्या कायद्यात युद्धाची तरतूद आहेच: काँग्रेसने युद्ध पुकारल्यानंतर जास्तीत जास्त 15 दिवस राष्ट्राध्यक्षांना ॲटर्नी जनरलमार्फत न्यायालयाच्या आदेशाविना पाळत ठेवता येते. परंतु 1942 नंतर काँग्रेसने औपचारिक रीतीने युद्ध कधीच पुकारलेले नाही. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर तिने जो ठराव केला, आणि जो 18 सप्टेंबरला कायदा झाला, त्याने युद्ध पुकारले नाही, तर हल्लेखोर व त्यांचे पाठीराखे यांच्याविरुद्ध सर्व आवश्यक आणि योग्य बळ वापरण्याची परवानगी दिली. त्यानंतर ऑक्टोबर 2001 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला (दूरसंचारातून गुप्तवार्ता टिपणाऱ्या 'एनएसए'ला) विशेष न्यायालयाला वगळून पाळत ठेवण्यास सांगितले. डिसेंबर 2005 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी छापली, तेव्हा एक टोक अमेरिकेत आणि दुसरे परदेशात असलेली, अल-कायदाशी संबंधित संभाषणेच आपण ऐकतो, असे बुश यांनी जाहीरपणे सांगितले. सरकारचे म्हणणे असे की शत्रूची संभाषणे टिपणे हा युद्धाचाच भाग असल्यामुळे बळ वापरण्याच्या परवानगीत त्याचीही परवानगी आली. विरोधकांचे म्हणणे असे की काँग्रेसने युद्धाचा विचार आधीच करून 15 दिवसांची मर्यादा घातलेली असताना पाळतीचा उल्लेखही नसलेल्या ठरावातून अमर्याद सूट वाचता येणार नाही. मला विरोधकांचा युक्तिवाद अधिक भक्कम वाटतो. मराठीत मात्र या कार्यक्रमाविषयी 'युद्ध पुकारल्यावर' असे कदापि लिहू नये; 'लष्करी बळाच्या वापरास परवानगी मिळाल्यावर' असे लिहावे, कारण 'पुकारणे' या एका क्रियापदाने सरकार किंवा विरोधक यांच्यापैकी एकाची बाजू नकळत खोटी पडते.

'अधिकार' या शब्दाची अडचण वेगळी आहे. मराठीत नागरिकाचा हक्क, अधिकाऱ्याची सत्ता, न्यायालयाचे कार्यक्षेत्र आणि विद्वानाची योग्यता या सगळ्यांसाठी आपण 'अधिकार' हाच शब्द वापरतो. येथे निदान दोन अर्थ वेगळे ठेवले पाहिजेत. घटनेने राष्ट्राध्यक्षांना सरसेनापती म्हणून जो दिला आहे असे म्हटले जाते तो 'अंगभूत अधिकार', आणि काँग्रेसने कायद्याने दिलेला तो 'प्रदत्त अधिकार'. 2006 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने प्रसिद्ध केलेल्या कैफियतीत या दोन्हींचा आधार घेतलेला होता: परवानगी मिळालेलीच आहे, आणि ती मिळाली नसती तरी अधिकार आहेच. 'अध्यक्षांच्या अधिकारानुसार' असे मोघम लिहिल्यास हे दोन वेगळे दावे एकमेकांत मिसळतात. जेथे प्रश्न न्यायप्रविष्ट किंवा अनिर्णीत आहे तेथे 'अधिकाराचा दावा' म्हणणेच प्रामाणिक ठरते.

या भेदाचे सर्वांत गाजलेले विवेचन 1952 मधील पोलाद कारखान्यांच्या खटल्यात झाले. कोरियन युद्धाच्या काळात राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी संपाच्या भीतीने हे कारखाने ताब्यात घेतले आणि सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते कृत्य रद्द ठरवले. आपल्या सहमतीच्या निकालपत्रात एका न्यायमूर्तींनी सांगितले की काँग्रेसची संमती असते तेव्हा अध्यक्षांची सत्ता सर्वाधिक असते, काँग्रेस गप्प असते तेव्हा ती संदिग्ध असते, आणि काँग्रेसच्या व्यक्त इच्छेविरुद्ध ते वागतात तेव्हा ती सर्वांत क्षीण असते. हे न्यायमूर्ती म्हणजे 1940 मध्ये रूझवेल्ट यांचे ते टिपण ज्यांच्या हाती पडले तेच रॉबर्ट जॅक्सन होते, ही गोष्ट मला या संपूर्ण इतिहासात फार मोलाची वाटते.

मग न्यायालयांनी 2001 च्या कार्यक्रमाला 'बेकायदा' म्हटले का? खालच्या स्तरावर, होय. ऑगस्ट 2006 मध्ये डेट्रॉइटच्या न्यायाधीश ॲना डिग्ज टेलर यांनी तो घटनाबाह्य ठरवला, आणि 2010 मध्ये कॅलिफोर्नियात न्यायाधीश व्हॉन वॉकर यांनी एका खटल्यात 1978 च्या कायद्याचा भंग झाल्याचे म्हटले. वरच्या न्यायालयांनी हे दोन्ही निकाल उलटवले, परंतु पाळत कायदेशीर होती असे ठरवून नव्हे: पहिल्यात फिर्यादींना दावा लावण्याचा हक्कच नाही म्हणून, दुसऱ्यात सरकारला दाव्यापासून संरक्षण आहे म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नावर निर्णय दिलाच नाही. त्यामुळे 'टेलर यांनी घटनाबाह्य ठरवलेली पाळत' हे विधान बरोबर आहे, 'बेकायदा पाळत' हे लेखकाचे मत म्हणून मांडता येईल, पण बातमीच्या निवेदनात ते बसत नाही.

शेवटी 'पाळत' या शब्दाविषयी. 'टेहळणी' आणि 'हेरगिरी' हे दोन पर्याय सुचवले जातात. टेहळणी बुरुजावरून होते, विमानातून होते. कोण येते आहे हे माहीत नसताना सर्वत्र नजर फिरवणे हा तिचा गाभा आहे. पाळत ठरावीक माणसावर असते. त्यामुळे बुश यांनी वर्णन केलेल्या कार्यक्रमाला 'पाळत' योग्य, आणि कोट्यवधी लोकांच्या दूरध्वनींच्या नोंदी सरसकट गोळा करण्याचा जो प्रकार 2013 मध्ये याच संस्थेसाठी कंत्राटी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केला त्याला 'टेहळणी' अधिक जवळचा. 'हेरगिरी'त निंदा आधीच भरलेली आहे. सरकारने या कार्यक्रमाला दिलेल्या नावाचे 'दहशतवादी पाळत कार्यक्रम' असे शब्दशः रूप मात्र टाळावे, कारण मराठीत त्यातून पाळतच दहशतवादी असल्याचा अर्थ निघतो. 'दहशतवाद्यांवरील पाळतीचा कार्यक्रम' असे लिहावे.

1978 च्या कायद्यात 2008 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतरच्या घडामोडींसाठी 'विनावॉरंट' हा शब्द आणखी जपून वापरावा लागतो. तिच्या कलम 702 नुसार परदेशातील परकीयांवर पाळत ठेवण्यासाठी प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र आदेश लागत नाही, पण पाळतीच्या कार्यपद्धतीला विशेष न्यायालयाची वार्षिक मंजुरी लागते. अशा पाळतीत अमेरिकी नागरिकांची संभाषणेही साठतात, आणि ती शोधून पाहण्याआधी वॉरंट घ्यावे अशी दुरुस्ती एप्रिल 2024 मध्ये काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात 212 विरुद्ध 212 अशा समसमान मतांनी फेटाळली गेली. येथे 'व्यक्तिगत वॉरंटाविना साठवलेल्या संभाषणांचा शोध' असे लांबट का होईना, पण पूर्ण लिहिणेच बरोबर होईल.