बोट चोरीला गेली, पण जाऊन जाऊन जाणार कुठवर?

प्रश्न: नमस्कार ताई. मी मूळचा चिपळूणचा, गेली १४ वर्षं इंग्लंडात मिल्टन कीन्सला असतो. चार वर्षांपूर्वी हौसेने एक सेकंडहँड नॅरोबोट (कॅनॉलवर चालणारी लांबट, अरुंद बोट) घेतली, ५७ फुटी, शनिवार-रविवार राहायला. ग्रँड युनियन कॅनॉलवर ग्रेट लिनफर्डच्या पुढे बांधलेली असते. नोव्हेंबरात एका रविवारी गेलो तर जागा रिकामी, काठावर फक्त कापलेली दोरी. शेजारच्या बोटवाल्याने बुधवारी संध्याकाळी बघितली होती, त्यानंतर कोणीच नाही. नाव ‘जास्वंद’, दोन्ही बाजूंना देवनागरीत रंगवलंय आणि शेजारी लाल फूल. पोलिसांत कळवलं, तक्रारीचा नंबर मिळाला. घरचे हसतायत की ५७ फुटांची वस्तू चोरीला जातेच कशी. खरंच सापडेल का? – एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर: दादा, तुम्हाला मेलवर हे सगळं आधीच कळवलंय, कारण अंक छापून येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, पण इकडे बोटीवर राहणारे आपले बरेच लोक हे सदर वाचतात म्हणून पुन्हा लिहितेय.

आधी घाबरणं थांबवा आणि नकाशा काढा. गाडी चोरली तर चोर सकाळपर्यंत कुठल्या कुठे, पण कॅनॉलवर वेगाची मर्यादाच ताशी ४ मैल, आणि बांधलेल्या बोटींच्या शेजारून तेवढ्याने गेलात तरी आतून कोणीतरी चहाचा मग घेऊन बाहेर येतं आणि "स्लो डाऊन!" म्हणून ओरडतं. म्हणजे चोराला पळायचं तर हळू पळावं लागतं, नाहीतर अख्खा काठ त्याचं तोंड लक्षात ठेवतो. त्यात ५७ फुटी बोट मनात आलं म्हणून वळवता येत नाही, त्यासाठी ठरावीक ठिकाणी काठ खोदून रुंद केलेला असतो, विंडिंग होल म्हणतात, तिथवर जावंच लागतं. आणि लॉक. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, लॉक म्हणजे पाण्याचा जिना, दारं लावायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, बोट वर किंवा खाली, सगळं हाताने. एकटा माणूस असेल तर एकेका लॉकला पंधरा-वीस मिनिटं सहज.

बोटवाल्यांचा एक ढोबळ हिशोब आहे, एक लॉक म्हणजे एक मैल धरायचा आणि सगळं मिळून तासाला तीन. तुमच्या जागेवरून उत्तरेला निघालं तर पहिलं लॉक कॉसग्रोव्हचं, मग स्टोक ब्रुअर्नची सात, मग तो ब्लिसवर्थचा बोगदा, पावणेतीन किलोमीटरच्या वर काळोख, मग बकबीची सात आणि ब्राउनस्टनची सहा. ही झाली २१ लॉक, वर साधारण ३५ मैल, म्हणजे १८-१९ तास चालवणं. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, त्यामुळे ब्राउनस्टनला दोन-तीन दिवस लागणारच. दक्षिणेला निघालं तर फेनी स्ट्रॅटफर्डचं लॉक. बाकी मधे फुटणारे रस्ते मोजून दोन-तीन. एक नॉर्थॅम्प्टनकडे उतरतो, तिथे १७ लॉक. एक लेस्टरकडे जातो पण त्या वाटेवर वॉटफर्डला (लंडनजवळचं नव्हे, हे नॉर्थॅम्प्टनशायरमधलं) सात आणि फॉक्स्टनला दहा लॉकची चढ-उतार आहे आणि तिथे लॉककीपर असतात, त्यांच्याशी बोलल्याशिवाय आत शिरता येत नाही. शिवाय हिवाळ्यात दुरुस्तीसाठी ठिकठिकाणी लॉक बंद ठेवतात, त्याची यादी आधीच जाहीर असते, ती समोर ठेवून बघा चोराच्या वाटा किती कमी होतात. म्हणजे बुधवार संध्याकाळ ते रविवार एवढ्यात बोट कुठवर गेली असेल याचं वर्तुळ पेन्सिलीने काढता येतं. फक्त एक शक्यता सोडून, क्रेनने उचलून लॉरीवर टाकली तर. म्हणून क्रेन असलेल्या मरीना (बोटी ठेवायचे तळ) आणि बोटयार्डांना पहिले फोन करायचे, तेही नकाशावर मोजून निघतात.

आता ओळख. इथे बहुतेक जण चुकतात, रंग आणि नंबर सांगत बसतात. लायसन्सचा नंबर दोन स्क्रू काढले की जातो आणि रंग एका वीकेंडमध्ये बदलतो. पण खिडक्या पोलादात कापलेल्या असतात, त्या कोण बदलणार? त्यामुळे जुने फोटो काढा, डाव्या बाजूला खिडक्या किती, गोल किती, चौकोनी किती, कुठल्या क्रमाने, चुलीचं धुराडं कितव्या खिडकीच्या वर, छतावर हवेसाठी पितळी मश्रूम किती आणि कुठे, पुलाला घासून पोचा आला असेल तर कुठल्या कोपऱ्याला. दोन्ही बाजूंचे वेगवेगळे फोटो द्या, समोरून येणाऱ्याला एकच बाजू दिसते. इंजिनचा नंबर आणि बोट १९९८ च्या जूननंतरची असेल तर मागच्या बाजूला ठोकलेला १४ अक्षर-आकड्यांचा हल नंबर (बोटीच्या सांगाड्याचा), हे दोन पोलिसांना आणि इन्शुरन्सवाल्यांना द्या. मात्र एक-दोन खुणा पोटात ठेवा, कोणालाच सांगू नका, कपाटाच्या आत मुलाने पेन्सिलीने लिहिलेलं काही असेल, फळीखालचा वेगळा स्क्रू असेल. उद्या "बोट माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा" असा फोन आला (येतात, हमखास येतात) तर तेवढा एकच प्रश्न विचारायचा.

तुमचं देवनागरी नाव खरं तर मोठं भांडवल आहे. इंग्रज माणसाला ‘जास्वंद’ वाचता येणार नाही पण "लाल फूल आणि वरून रेघ मारलेली अक्षरं" हे तो जन्मात विसरत नाही. पत्रकावर नावाचा जवळून काढलेला फोटो टाका. आणि नाव रंगवून झाकलं असेल तरी साइनरायटिंगच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या अक्षरांच्या, रंगाला जाडी असते, सकाळी किंवा संध्याकाळी ऊन आडवं पडलं की वरच्या नव्या रंगाखालून अक्षरांच्या कडा उठून दिसतात, मी स्वतः पाहिल्यात.

सांगायचं कोणाला? पहिलं कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट, २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधल्या २,००० मैलांचा कारभार त्यांच्याकडे आहे. ज्यांना स्वतःची बांधायची जागा नाही त्यांनी एका ठिकाणी १४ दिवसांच्या वर राहायचं नाही असा १९९५ चा कायदा, तो पाळला जातो का हे बघायला ट्रस्टची माणसं टोपाथवरून (कॅनॉलच्या काठची पायवाट) फिरत प्रत्येक बोटीचा नंबर टिपत असतात. एरवी आम्ही बोटवाले त्यांच्या नावाने बोटं मोडतो, पण चोरी झाली की तेच टिपण कामाला येतं. त्यांना तुमची बोट चोरीची म्हणून नोंदवायला सांगा, नंबर नसलेली अनोळखी बोट दिसली तरी त्यांच्या लक्षात येते.

दुसरे म्हणजे फ्युएल बोटवाले, जे बोटीवरूनच डिझेल, कोळसा आणि गॅसच्या टाक्या विकत फिरतात. यांच्याइतकी खबर कोणाकडे नसते. आमच्या शेजारी एक आजोबा होते, त्यांची बोट अशीच गेली. तिच्यात जुनं दोन सिलिंडरचं रसेल न्यूबरी इंजिन होतं. सात आठवड्यांनी एका फ्युएल बोटवाल्याला बाजूच्या एका फाट्यावर वळणापलीकडून ठुक-ठुक ऐकू आलं, बोट दिसायच्या आधी. हिरवीची निळी केली होती, नाव पुसलं होतं, नंबर नव्हता. पण तो म्हणाला ह्या इंजिनात मी नऊ वर्षं डिझेल ओतलंय, मला काय सांगता. त्याने काहीच केलं नाही, डिझेल हवंय का विचारलं, पैसे घेतले, पुढे गेला आणि पुलापलीकडे गेल्यावर फोन केला. आजोबांची बोट परत आली तेव्हा आत सगळं उलटंपालटं होतं आणि पितळी टिलर पिन (सुकाणूच्या दांड्यावरची खुंटी) गायब, त्या पिनसाठी ते बोटीपेक्षा जास्त रडले.

मग उरले लॉकवर मदत करणारे स्वयंसेवक, गळ टाकून तासन्‌तास बसणारे लोक, रोज त्याच वेळी कुत्रं फिरवणाऱ्या बायका. त्यांना एक गोष्ट नक्की सांगा, बोट दिसली तर पत्ता नको, ब्रिज नंबर हवा. कॅनॉलवरच्या पुलांना नंबर असतात, त्यावर पाटी असते. "ब्रिज अमुकच्या उत्तरेला, टोपाथच्या बाजूला, तोंड दक्षिणेला, सकाळी ९:४०" एवढं लिहिलं की पुरे. "त्या पबच्या जवळ कुठेतरी" याचा काही उपयोग नाही, पब दर दुसऱ्या पुलाला आहे.

आणि कृपा करून, सापडली म्हणून पाच मित्र घेऊन दोरी सोडायला जाऊ नका. आत कोण आहे माहीत नसतं. कधी चोर असतो, कधी ज्याने बिचाऱ्याने सगळी बचत घालून ती बोट चोराकडून विकत घेतली तो असतो, पोरंबाळं घेऊन. कायद्याने चोराकडून घेतलेल्या मालाची मालकी सहसा मिळत नाही, पण ते पोलिसांनी त्याला सांगायचं, तुम्ही नाही. लांबून फोटो काढा, १०१ ला (पोलिसांचा साधा नंबर) तक्रारीचा नंबर देऊन सांगा, डोळ्यांसमोर बोट हलायला लागली तर तातडीचा ९९९. इन्शुरन्सचे पैसे आधीच घेतले असतील तर सापडलेली बोट त्यांची, हेही लक्षात असू द्या. ताबा मिळाला की लगेच चावी फिरवू नका, आधी गॅस बंद आहे का, तळात पाणी किती आहे ते बघा.

प्रश्न: ताई, लेस्टरजवळ एक नॅरोबोट फार स्वस्तात मिळतेय. नवीन रंग दिलाय, मालक घाईत आहे, लायसन्स आहे म्हणतो. घेऊ का? – एक वाचक, लेस्टर

उत्तर: लायसन्स म्हणजे मालकी नव्हे. बोटीला गाडीसारखं लॉगबुक नसतं, त्यामुळे आधीच्या खरेदी-विक्रीच्या पावत्या बघायच्या, एकामागून एक, आणि इंजिनवरचा नंबर कागदाशी स्वतः ताडायचा. ट्रस्टच्या वेबसाइटवर बोटीचा नंबर टाकून लायसन्स चालू आहे का कळतं, दर चार वर्षांनी घ्यायचं सेफ्टी सर्टिफिकेटही असंच बघता येतं. पैसे रोख मागत असेल तर तिथूनच परत फिरा. आणि हो, बघायला जाणारच असाल तर दुपारी नको, ऊन आडवं असताना जा, बाजूच्या पत्र्याला जवळजवळ गाल लावून बघा. नव्या रंगाखाली ‘ज’ला काना दिसला तर मालकाशी गोड बोला, चहा घ्या, आणि पुलाचा नंबर मला कळवा.