सोलापुरात घरच्या बागेसाठी माती परीक्षण करावं का?
खत घालूनही जास्वंद पिवळी पडते म्हणता, मग आधी माती तपासा, खताचं नंतर बघू. आपल्याकडची काळी माती बहुतेक चुनखडीची. अशा मातीचा सामू (pH, म्हणजे माती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) 8 च्या वर गेला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. माझ्या मोगऱ्याचं हेच झालं होतं, आणि मी वेड्यासारखा युरिया टाकत बसलो! चमचाभर सुक्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहेच. नेमक्या आकड्यांसाठी चार-पाच जागची वीतभर खोलीची माती मिसळून, सावलीत वाळवून, अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. नुकतंच खत घातलेली जागा टाळा. बोअरचं पाणी घालत असाल तर तेही तपासा, क्षार बऱ्याचदा तिथूनच येतात.