वाचकांचे प्रश्न : हब निघेना, बोल्ट हलेना

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. गाडी जुनी, खालचं काम स्वतःच काढलंय आणि नेमका एक पार्ट असा जाम झालाय की पुढचं सगळंच अडलंय. निवडक प्रश्न घेतोय.

प्रश्न : गाडी १८ वर्षांची आहे. पुढच्या डाव्या चाकातून घूंघूं आवाज यायला लागला म्हणून हब-बेअरिंगचा (हब म्हणजे ज्यावर चाक बसतं तो फिरणारा भाग) नवीन सेट आणला. शाफ्टचा (चाकाला फिरवणारा दांडा) मोठा नट निघाला, मागचे चारही बोल्ट निघाले, पण हब नकलमधून (हबला धरून ठेवणारा जाड भाग) हलेचना. मागून तबकडीवर (हबचा चाक बसतं तो चपटा भाग) हातोडा मारत राहिलो, शेवटी तबकडी बाहेर आली पण बेअरिंगच्या गोळ्या खाली सांडल्या आणि बाहेरची रिंग आतच राहिली. आता पूर्ण नकलच बदलावं लागेल का?

नाही हो, नकलला काही झालेलं नाहीये. आणि ते बेअरिंग तसंही फेकायचंच होतं, त्यामुळे गोळ्या सांडल्या तर सांडू द्या. मात्र झालं काय ते बघा. तुम्ही मारत होतात चाकाच्या तबकडीवर आणि चिकटलेली होती बाहेरची रिंग, मधे फक्त गोळ्या, म्हणजे घाव रिंगपर्यंत पोचायच्या आत बेअरिंगच सुटं झालं. जाम पार्ट काढताना आधी हे शोधायचं की नक्की कुठले दोन पृष्ठभाग एकमेकांना धरून बसलेत, आणि मग जोर बरोबर त्याच दोघांच्या मधे लावायचा. बाकी कुठेही मारलं तरी आवाज होतो, काम होत नाही.

तुमच्या वर्णनावरून आत राहिलेल्या रिंगलाच ते चार आटे आहेत, म्हणजे मागून येणारे बोल्ट नकलमधून आरपार जाऊन हिच्यात बसतात. मग जुनेच बोल्ट घ्या, मागून परत लावा पण पूर्ण आवळू नका, डोकं सेंटिमीटरभर बाहेर राहू द्या आणि आटे मात्र चांगले पाच-सहा फेरे धरलेले पाहिजेत. आता त्या डोक्यांवर आळीपाळीने मारा, एकाला दोन घाव की लगेच समोरच्याला दोन. एकाच बाजूने मारत बसलात तर रिंग तिरकी होऊन अजून घट्ट अडकते. शाफ्ट मधे येत असेल तर बाजूला सरकवा पण लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा, नाहीतर त्याचा आतला जॉइंट सुटतो. एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर असेल तर पहिला घाव घालायच्या आत तो काढा, आणि तोही जाम असेल तर निदान वायरचा कनेक्टर सोडून ठेवा आणि नवीन सेन्सर आणायची मनाची तयारी ठेवा, कारण प्लास्टिकचं ते बोंडूक गंजात बसलं की बहुतेकदा तुटूनच निघतं.

तरीही हलली नाही तर ढकलायचा नाद सोडून फिरवायचा प्रयत्न करा. बोल्ट पूर्ण काढा, रिंगच्या कडेला जे कान आहेत त्यातल्या एकावर बोथट छिन्नी आडवी टेकवून रिंग गोल फिरेल अशा दिशेने मारा. गंज सरळ ढकलण्याला जितका दाद देत नाही तितका फिरवण्याला देतो. एकदा का केसभर फिरली की मग तेल आत शिरतं, उलटसुलट फिरवत राहायचं आणि ती बाहेर यायला लागते.

नकल अॅल्युमिनियमचं असेल तर गोष्ट वेगळी. पोलाद आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात शेजारी राहिले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि ती पांढरी भुकटी फटीत फुगून बसते. तिथे घण चालवू नका, तडा जाईल. हॉट एअर गनने नकल चारी बाजूंनी तापवा, पाण्याचा थेंब चुर्र होऊन उडेल इतकंच, ज्योत नको. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ८० मिलिमीटरचं भोक ८० अंशांनी तापलं तर ते साधारण ०.१५ मिलिमीटर मोठं होतं आणि आतली पोलादी रिंग तेवढीच तापली तरी ०.०८ च्या आसपासच वाढते. वाचायला हा फरक काहीच वाटत नाही, पण अडकलेली रिंग सुटायला तेवढा खूप होतो.

निघाल्यावर नकलचं भोक आणि समोरचा सपाट भाग तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने चकचकीत करा. इथे बरेच लोक कंटाळा करतात आणि मग नवीन हब गंजाच्या खपलीवर किंचित तिरका बसतो आणि ब्रेक मारला की स्टीअरिंग थरथरतं, दोष मात्र डिस्कला! शाफ्टचा नट नवीनच लावा आणि गाडी जमिनीवर उतरवल्यावरच शेवटचा आवळा. या नटांना साधारण १५० ते ३०० न्यूटन-मीटर लागतात, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधे मिळेल. ३०० म्हणजे एक मीटर पाइपच्या टोकाला ३० किलोचा भार, एवढा जोर जॅकवरच्या गाडीला लावणं म्हणजे गाडी अंगावर घेणं.

प्रश्न : लोअर आर्मचा (चाकाला चॅसिसशी जोडणारा खालचा दांडा) बुश (त्याच्या सांध्यातला रबरी भाग) बदलायचाय. नट सहज निघाला पण बोल्ट येत नाही. पान्याने फिरवला की पाव फेरा फिरतो आणि सोडला की आपोआप मागे येतो. आठवडाभर गंज सोडवायचं तेल मारतोय, अजून किती दिवस मारू?

एकही दिवस नको. बोल्ट मागे येतो म्हणजे तुम्ही बुशचं रबर पिळताय. बुशच्या आत एक पोलादी नळी असते, बोल्ट तिच्यातून जातो, आणि गंजून ते दोघं एकजीव झालेत. नळीची दोन्ही तोंडं ब्रॅकेटमधे घट्ट दाबलेली असतात, त्यामुळे तुमचं तेल वरून ओघळून खाली जातंय, आत थेंबही पोचत नाहीये.

नट परत लावा, त्याचा चेहरा बोल्टच्या टोकाशी सपाट येईल इतपत, म्हणजे आटे वाचतील, आणि त्यावर जड हातोड्याचे मोजके घाव घाला. हलला तर उत्तम. नाही हलला तर सरळ कापा. बुशची कड आणि ब्रॅकेटचा पत्रा यांच्यामधे हॅक्सॉचं किंवा इलेक्ट्रिक करवतीचं ब्लेड जातं, दोन्ही बाजूंनी कापलं की आर्म खाली येतो. बुश जाणारच होता, बोल्टही जाऊ द्या. गॅसची ज्योत तिथे नकोच, रबर पेटतं, धूर वाईट असतो आणि जवळून ब्रेकचा पाइप गेलेला असतो.

एक गोष्ट मात्र कापण्याआधी, खरं तर पाना लावण्याआधीच बघायची. काही गाड्यांत नट सुटा नसतो, चॅसिसच्या पेटीत आतून वेल्ड केलेला असतो. तुमचा तसा नाहीये, पण दुसऱ्या बाजूचा किंवा मागचा बोल्ट तसा असू शकतो. तिथे इम्पॅक्ट गन लावून वेल्ड तोडलं तर नट आत गरगरत बसतो आणि मग पेटीला खिडकी कापायची वेळ येते.

नवीन बोल्ट त्याच ग्रेडचा हवा, डोक्यावर १०.९ लिहिलेलं असेल तर १०.९ च. आणि तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळायचा. चाक हवेत लटकत असताना आवळलात तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवाकोरा बुश बघता बघता फाटतो.

प्रश्न : बॉल जॉइंट (आर्म आणि नकल जोडणारा गोळ्याचा सांधा) काढायला फोर्क (पाचरीसारखं दोन दातांचं हत्यार) घेऊ की हातोड्याने होतं?

बॉल जॉइंट बदलायचा असेल तर फोर्क चालेल. तोच परत लावायचा असेल तर फोर्कच्या वाटेला जाऊ नका, रबरी बूट फाटतोच. ही पिन निमुळती असते, पाचर ठोकावी तशी भोकात बसलेली. नट सैल करा पण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू द्या, नाहीतर सुटल्यावर आर्म सपकन खाली येतो. पिनवर मारायचं नाही, पिन ज्या डोळ्यात (भोकाच्या भोवतीचा जाड भाग) बसलीये त्या डोळ्याच्या कुशीवर मारायचं. एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि समोरून दुसऱ्याने जोरात घाला. डोळा क्षणभर चेपतो आणि पिन टक् करून खाली येते, तो आवाज एकदा ऐकला की परत चुकत नाही. ओतीव किंवा घडीव लोखंडावर हे चालतं, अॅल्युमिनियमवर नाही, तिथे स्क्रूवाला पुलरच (स्क्रू आवळून पिन ढकलणारं हत्यार). पिन आट्यांऐवजी खोबणीत आडव्या बोल्टने धरलेली असेल तर तो बोल्ट पूर्ण बाहेर काढा. पिनला खाच असते, बोल्ट त्या खाचेत अडकतो आणि लोक नुसता सैल करून तासभर ठोकत बसतात.

आणि हे सगळं करताना गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. डोळ्याला गॉगल, कारण हातोड्यावर हातोडा मारला की कडक पोलादाची कपची उडू शकते, शक्य असेल तर टेकवायचा हातोडा तांब्याचा किंवा पितळेचा घ्या.

प्रश्न : अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल अर्धं-अर्धं मिसळून वापरलं तर चालतं का?

चालतं, चांगलं चालतं, जिथे आत शिरायला फट आहे तिथे. पण दोन्ही एकजीव होत नाहीत म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवायची, आणि अॅसिटोन पटकन पेट घेतं म्हणून ते मारल्यावर ग्राइंडर किंवा ज्योत जवळ आणायची नाही. ब्रेक क्लीनर मारलेला भाग तर मुळीच तापवू नका, काही क्लीनरमधे क्लोरीनवाली रसायनं असतात आणि त्यांचा तापल्यावर विषारी वायू होतो.

प्रश्न : मागचा ब्रेक ड्रम निघत नाही. कडेने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला तर कड तुटेल अशी भीती वाटते.

भीती बरोबर आहे, कड ओतीव असते, तुटतेच. आधी हँडब्रेक सोडा, मग मागच्या प्लेटच्या भोकातून अॅडजस्टर मागे फिरवून शूज (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) आत घ्या, कारण जुन्या ड्रमला आत झिजून ओठ तयार होतो आणि शूज त्या ओठामागे अडकतात. मधल्या हबच्या कडेला तेल सोडा. आणि ड्रमच्या तोंडावर नीट बघा, खूपशा ड्रमला दोन आटेवाली भोकं दिलेली असतात, मळाने भरलेली असतात म्हणून दिसत नाहीत. सुईने साफ करा, बसतील ते बोल्ट लावा, बऱ्याचदा ८ मिलिमीटरचे लागतात, आणि दोन्ही अर्धा-अर्धा फेरा आळीपाळीने आवळत जा. मधे मधे ड्रमच्या तोंडावर हातोड्याने टकटक करा, बोल्ट परत हाताला सैल लागला की ड्रम सरकला असं समजा.