छोटे मालक, वय ४४

‘बाबा सही सोडत नाहीत, काय करू?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे दर महिन्याला येतो. गंमत म्हणजे भेटीची वेळ घ्यायला फोन बहुधा सुनेचा असतो.

या घराचेही तसेच. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना. वडील ७१ वर्षांचे. थोरला वीस वर्षे कारखान्यात, धाकटा पुण्यात नोकरीला, मुलगी लग्न होऊन लातूरला. सुताचा भाव थोरला ठरवायचा, आणि दुपारी वडील त्याच दलालाला पुन्हा फोन लावायचे. “व्यापारी मला छोटे मालक म्हणतात मॅडम. चव्वेचाळीसचा छोटा!” तो हसत म्हणाला, पण मान खाली होती.

वडील पहिल्या भेटीत गप्पच. दुसऱ्या भेटीत एकदम म्हणाले, “सही सोडली तर सकाळी उठून जायचं कुठं, सांगा की ओ.” मग हळूहळू उरलेलं बाहेर आलं. कोणता व्यापारी दिवाळीनंतरच पैसे देतो, कुणाला तगादा लावला की तो कायमचा तुटतो, ही सगळी उधारी त्यांच्या डोक्यात होती, वहीत नव्हती. आणि थोरल्याला सगळं दिलं तर उरलेल्या दोघांना काय सांगायचं?

म्हणजे इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकले होते. कारभार कुणी बघायचा, हा एक. मालकी कुणाची, हा दुसरा. पहिल्याची सुरुवात आम्ही वहीपासून केली. रोज चारच्या चहाला थोरल्याने वडिलांशेजारी बसून एकेका गिऱ्हाइकाची हकीकत लिहून घ्यायची. ठरावीक रकमेपर्यंतचे चेक एकट्या थोरल्याच्या सहीने. नव्या डिझाइनचा नमुना पास करायचा मान मात्र वडिलांचाच.

तिसऱ्या आठवड्यात वडिलांनी गुपचूप दलालाला फोन केला. थोरला भडकला, दोन भेटींना आलाच नाही. तो आल्यावर मी एवढंच विचारलं, “भाव बदलला का त्यांनी?” नव्हता बदलला. नुसती चौकशी केली होती.

मालकीसाठी मी वकिलांकडे पाठवलं, ते माझं काम नव्हे. पण तिथे जे कळलं त्याने घर हादरलं. फर्ममध्ये भागीदार दोघेच, बाप आणि थोरला. एक गेला की भागीदारी संपली, कारण एकट्याची भागीदारी नसते. कारखान्याची जागा वडिलांनी स्वतः घेतलेली. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, दोन्ही मुलगे आणि मुलगी, चौघांना सारखा वाटा. “मुलीला लग्नात दिलं की,” वडील म्हणाले. कायदा ते वजा करत नाही.

लक्ष्मीपूजनाला नवी वही थोरल्याने पुजली. मृत्युपत्राचा मसुदा मात्र अजून कपाटातच आहे. परवा वडिलांना विचारलं तर म्हणाले, “सिद्धेश्वराच्या अक्षता होऊ द्या.” म्हणजे संक्रांतीची यात्रा. आजवर गप्प बसलेल्या आई शेजारून बोलल्या, “साक्षीदार दोन लागतात ना? ते मी सांगून ठेवलेत.”