शाळेसाठी आणि ऑफिससाठी पातळ वह्या घाऊक घ्यायच्यात, काय काय बघून घ्याव्यात?

तुमच्याकडे तीन कोटेशनं आलीत, तिन्हीवर '८० पानी' लिहिलंय, दरात मात्र बराच फरक आहे, आणि शाळेच्या मुलांसाठी नि ऑफिसच्या स्टाफसाठी मिळून हजार-बाराशे वह्या एकदम उचलायच्यात, असा तुमचा प्रश्न आहे. मी आधी बरीच वर्षं शाळेची वह्यांची खरेदी बघितली आणि नंतर एका ऑफिसची स्टेशनरी बघितली, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो, जरा लांबेल पण वाचा.

पहिलं म्हणजे तिघांनाही फोन करून विचारा की ८० पानं म्हणजे नक्की काय मोजलंय. आपण पान म्हणतो तेव्हा कधी अख्खा कागद म्हणतो कधी त्याची एक बाजू म्हणतो, आणि कोटेशनमध्ये नेमकी इथेच गडबड होते. एकाच्या हिशोबात ८० म्हणजे ४० कागद दोन्ही बाजूंनी, दुसऱ्याच्या हिशोबात कव्हरच्या चार बाजू धरून ८०, म्हणजे आत ७६च बाजू लिहायला. मधोमध पिना मारलेल्या वहीत एक ताव दुमडला की दोन कागद होतात म्हणजे चार बाजू, त्यामुळे एकूण बाजू चारच्या पटीतच येणार, कोणी ५० किंवा ७० सांगितलं तर त्याने नीट मोजलेलं नाही एवढं समजा. सॅम्पल हातात आलं की मधलं पान उघडा आणि तिथून शेवटापर्यंत कागद मोजा, ते २० भरले म्हणजे दोन्हीकडचे मिळून ४०, झालं.

दुसरं कागदाचं वजन, म्हणजे जीएसएम. एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम भरतं ते. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७५ ते ८० चा असतो, वह्यांना बहुतेक ५४ ते ७० मधला वापरतात. आता बोट लावून ५४ आणि ६० मधला फरक कळतो असं म्हणणारे पुष्कळ भेटतात पण मला तरी तो भरवशाचा वाटत नाही, वजनकाटा भरवशाचा. ए५ आकाराचा कागद चौरस मीटरचा बरोबर बत्तिसावा हिस्सा असतो, ए० म्हणजे एक चौरस मीटर आणि तो निम्मा निम्मा करत गेलं की पाचव्या वेळेला ए५ येतो, म्हणून ६० जीएसएमचा ए५ कागद साधारण १.९ ग्रॅम, असे ४० कागद ७५ ग्रॅम, आणि कव्हर २२० जीएसएमचं धरलं तर त्याचे १४ ग्रॅम, एक वही ८९ ग्रॅमच्या आसपास जाते. तीच वही ५४ च्या कागदाची केली तर ८१ ग्रॅम. एकच वही ठेवून बघाल तर साध्या काट्यावर फसाल, दहा वह्या एकदम ठेवा, एकीकडे ८८७ ग्रॅम आणि दुसरीकडे ८१२, लगेच दिसतं. हवेतल्या ओलाव्याने आणि कारखान्यातल्या फरकाने चार-पाच टक्के इकडे तिकडे होतं तेवढं सोडून द्या, त्याहून कमी भरलं तर विचारा.

पण जीएसएम हा अर्धाच भाग झाला. खरं बघायचं ते हे की कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिता येतं का. मी सुरुवातीला दर वहीचा काढायचो, मग पानाचा काढायला लागलो, आणि हल्ली फक्त लिहिल्या जाणाऱ्या पानाचा काढतो. कारण कागद पातळ असेल किंवा शाई फुटत असेल तर मूल काय करतं, मागची बाजू सोडून देतं. त्याला कोणी सांगावं लागत नाही, मागे उमटलेलं दिसलं की ते आपोआप पुढच्या कागदावर जातं. वही पाठकोरी राहते. म्हणजे स्वस्तात आणलेली ८० पानी वही ४० चीच झाली आणि तुम्ही वर्षाच्या मध्यात पुन्हा तेवढ्याच वह्या मागवताय. एका वर्षी मी वर्गातल्या भरलेल्या वह्या गोळा करून बघितल्या होत्या, एका मुलीने प्रत्येक पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलने एक बारीक फुली मारून ठेवली होती, बाईंना वाटू नये की आपण पान चुकून सोडलं म्हणून. ती वही बघून मला फार वाईट वाटलं, कारण तो कागद मी निवडला होता.

त्यामुळे सॅम्पल घेतलं की त्यावर लिहाच. आणि तुमच्याकडे जे पेन वापरतात त्याच पेनाने लिहा, शाळेत शाईचं पेन असेल तर त्याने, ऑफिसात जेल पेन असेल तर त्याने. एक जाड रेघ ओढा, एक टिंब देऊन पेन तिथेच तीन-चार सेकंद टेकवून ठेवा, आणि एखादा शब्द खोडून परत त्यावर लिहा. रेघेच्या कडेला केसासारखे तंतू पसरले म्हणजे शाई फुटतेय. मग पान उलटा आणि मागच्या बाजूला लिहून बघा, वाचता येतंय का. पेन्सिल वापरणारी लहान मुलं असतील तर एकाच जागी तीनदा लिहून तीनदा खोडा, कागद फाटला किंवा लव निघाली तर तो कागद त्यांच्या कामाचा नाही मग जीएसएम काहीही असो. अगदी पांढराशुभ्र कागद मला आवडत नाही, ट्यूबलाइटखाली चकाकतो, जरा दुधाळ रंगाचा डोळ्याला बरा वाटतो, हे माझं मत आहे, तुम्ही चार शिक्षकांना दोन्ही दाखवून विचारा.

बांधणीचं सांगतो. पातळ वहीला मधोमध पिना किंवा दोऱ्याची शिलाई हे दोनच प्रकार चांगले. पाठीला गोंद लावून चिकटवलेली पातळ वही घेऊ नका, गोंद धरायला पाठीची जाडीच नसते, वही सपाट उघडायला गेलात की पानं सुटतात. स्पायरल ऑफिसात काही जणांना आवडते पण गठ्ठ्यात तारा एकमेकीत अडकतात, जागा जास्त खाते आणि डावखुऱ्या माणसाचा हात सतत तारेवर येतो. पिनांच्या वहीत पिना बरोबर घडीवर बसल्यात का ते बघा, एक मिलिमीटर जरी सरकल्या तरी वही वाकडी उघडते आणि मधली पानं लवकर निघतात. आतल्या बाजूने बोट फिरवून बघा, पिनेची टोकं पूर्ण दाबलेली हवीत, लहान मुलांच्या बोटांना लागतात. मग मधला ताव दोन्ही हातांनी धरून जरासा ओढा, सुटायला नको. दोऱ्याची शिलाई थोडी महाग पडते पण गंज चढायचा प्रश्न नाही, दमट हवेत वह्या ठेवायच्या असतील तर तीच घ्या. आणि मुलांना, स्टाफला पण, एक सांगून ठेवा की मधून शिवलेल्या वहीतला एक कागद फाडला की त्याचा पलीकडचा जोडीदार सुटतो, दहा दिवसांनी आपोआप गळून पडतो आणि त्यावर काय लिहिलं होतं ते गेलं. ऑफिसात ज्यांना कागद फाडून द्यायची सवय आहे त्यांना छिद्रांची रेघ असलेलं पॅड वेगळं द्या.

एक गोष्ट फारसं कोणी बघत नाही, कागदाची दिशा. कागद तयार होताना त्यातले तंतू एका दिशेने पडतात आणि त्या दिशेने कागद सहज दुमडतो. ती दिशा वहीच्या पाठीला समांतर असली की वही उघडून ठेवली तर उघडी राहते, आडवी असली की पानं ताठ उभी राहतात आणि मूल एका हाताने वही दाबून दुसऱ्याने लिहितं. बघायला सोपं आहे, सॅम्पलमधला एक चौकोनी तुकडा कापायचा, पाठ कुठल्या बाजूला होती तिथे खूण करायची आणि तुकड्याची एकच बाजू ओल्या बोटाने ओली करायची, काही सेकंदांत त्याची नळी होते, नळी ज्या दिशेने लांब ती कागदाची दिशा.

रेघांचं अंतर मिमीमध्ये विचारा, 'मोठ्या रेघा' 'बारीक रेघा' असं बोलून ठरवू नका. लहान अक्षर जमत नाही अशा मुलांना ८ मिमी किंवा त्याहून जास्त, मोठ्यांना ६-७ चालतं. पान उजेडासमोर धरलं की पुढच्या आणि मागच्या रेघा एकमेकींवर बसायला हव्यात, नाहीतर मागच्या रेघा मधूनच दिसतात आणि पान गिचमिड वाटतं. रेघांचा रंग फिकट हवा पण वर्गात मागच्या बाकावर, कमी उजेडात दिसेल इतपत. समास दोन्ही बाजूंना सारखा आहे का तेही बघा. चाररेघी, दुरेघी, चौकटीची कुठल्या इयत्तेला किती ते शिक्षकांकडून लेखी घ्या, तोंडी घेतलेलं मला एकदा तरी निस्तरावं लागलंय.

कव्हरवर नावाची जागा चकचकीत नको, पेन घसरतं आणि नाव पुसलं जातं. लॅमिनेशन पाहिजेच असेल तर नावाचा चौकोन त्यातून वगळायला सांगा. विषयाप्रमाणे कव्हरचे रंग केलेत तर लहान वर्गात बाईंना 'निळी वही काढा' एवढंच सांगायला लागतं आणि ज्याला अजून वाचता येत नाही तोही बरोबर वही काढतो.

आता किती घ्यायच्या. विद्यार्थी गुणिले विषय असा हिशोब करू नका. मागच्या वर्षीच्या भरलेल्या वह्या मागवा, प्रत्येक इयत्तेच्या प्रत्येक विषयाच्या दहा-दहा, आणि त्यात किती पानं लिहिली ते मोजा. गणिताला तीन वह्या लागलेल्या दिसतील आणि एखाद्या विषयाची वही विसाव्या पानावर थांबलेली. हे एका दुपारचं काम आहे आणि ऑर्डरचा आकडा यातून खरा निघतो. पातळ वही घ्यायचं कारणही इथेच कळतं, जाड वहीतली निम्मी पानं ज्या विषयात कोरी राहतात तिथे पातळ, आणि गणिताला संपली की दुसरी. वजनाचंही बघा, ४० मुलांच्या २०० पानी वह्या तपासायला घरी न्यायच्या तर ८ किलो होतात, ८० पानी नेल्या तर साडेतीन. पातळ वहीत पानामागे कव्हरचा खर्च जास्त बसतो हे खरं आहे, आणि एका विषयाच्या तीन वह्या झाल्या की जुनी हरवते हेही खरं, म्हणून कव्हरवर वहीचा नंबर लिहायला जागा ठेवा. आकड्यावर पाच-सात टक्के जास्त घ्या, दोन वर्षांचा साठा मात्र करू नका, हलका कागद पिवळा पडतो आणि पिना गंजतात. दर वर्षभराचा ठरवायचा आणि माल दोन खेपांत घ्यायचा, हे बहुतेक जण मान्य करतात.

ऑफिसचं सोपं आहे. मीटिंगला, साइटवर न्यायला ए५, ४८ ते ६४ पानी, एका कामाला एक वही, काम संपलं की वही फाइलमध्ये जाते. जी नोंद पुढे कोणी मागू शकतं तिच्यासाठी पातळ वही वापरूच नका, तिला पानांवर छापील नंबर असलेलं शिवलेलं रजिस्टर घ्या.

शेवटी माल उतरवून घेताना. माझ्याकडे एकदा सॅम्पल उत्तम होतं, आलेला माल हलक्या कागदाचा होता, आम्ही खोकी तशीच रचून ठेवली, बिल चुकतं केलं आणि वाटप झाल्यावर तीन आठवड्यांनी एका शिक्षिकेने शाई मागे उमटते म्हणून वही आणून दाखवली. तोवर वह्यांवर नावं पडलेली, परत कशा देणार. तेव्हापासून दोन सॅम्पलवर दोघांच्या सह्या घेतो, एक त्यांच्याकडे एक आमच्याकडे, आणि ऑर्डरमध्ये आकार, कागदांची संख्या (बाजू वेगळ्या, कव्हर वेगळं), आतला जीएसएम, कव्हरचा जीएसएम, रेघांचं अंतर, बांधणी आणि एका गठ्ठ्यात किती वह्या हे सगळं लिहितो. माल आला की वरचं, मधलं आणि खालचं अशी वेगवेगळी खोकी फोडून दहा-दहा वह्या काढायच्या, कागद मोजायचे, दहा एकदम काट्यावर ठेवायच्या, सह्यांच्या सॅम्पलशेजारी ठेवून त्याच पेनाने लिहायचं, आतला ताव उलटा शिवलाय का, कव्हर उलटं लागलंय का बघायचं, आणि मगच चलनावर सही. अर्धा तास लागतो, गाडीवाला घाई करतो, त्याला चहा द्या आणि थांबवा. खोकी जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब, आणि गठ्ठे आडवे ठेवा, उभे ठेवले की वह्या वाकतात त्या परत सरळ होत नाहीत.

तुमच्या तिन्ही कोटेशनमधले कागदांची संख्या आणि जीएसएमचे आकडे आले की इथेच खाली लिहा, लिहिण्याजोग्या एका बाजूला काय दर पडतो ते मी काढून देतो.