स्वभाव आणि गुन्हा : पहिला प्रोजेक्ट करतेस, तर आधी एवढं बघ

विषय छान निवडलास. ठाणे कारागृहात प्रश्नावल्या वाटायची घाई मात्र नको. परवानगीचं काम मोठं असतं आणि पहिल्या प्रोजेक्टला त्याची गरजही नाही.

पंचघटक प्रारूप (स्वभाव पाच मुख्य गुणांत मोजायची पद्धत, इंग्रजीत ‘बिग फाइव्ह’) घे आणि त्यातल्या दोन गुणांकडे नीट बघ: सौहार्द (इतरांशी जुळवून, आपुलकीने वागणं) आणि कर्तव्यदक्षता (शिस्त, जबाबदारी). हे कमी असलेल्यांत नियमभंग सरासरीने जास्त आढळतो. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंकने 1964 मध्ये बहिर्मुखतेवरही भर दिला होता, पण तो धागा पुढे कच्चा निघाला.

नेहमीच्या चुका:

- तळोज्याचे कैदी आणि वाशीच्या कॉलेजातली मुलं यांची तुलना. वय, शिक्षण, घरची परिस्थिती सगळंच वेगळं, मग फरक स्वभावाचाच कशावरून? शिवाय कैदी म्हणजे फक्त पकडले गेलेले.
- सहसंबंधालाच (दोन गोष्टी किती सोबत बदलतात याचं माप, -1 ते 1) कारण समजणं. तो 0.3 आला तर वर्ग कर: 0.09. म्हणजे माणसामाणसांतल्या फरकातला 9 टक्केच भाग उलगडला.
- ‘अशा स्वभावाचे लोक गुन्हेगार’ असं लिहिणं. हा माणसांवर अन्याय आहे, कृपया नकोच.

सायकोपथीची (अपराधीपणा, सहानुभूती नसलेला स्वभाव) 20 मुद्द्यांची सूची सध्या लांब ठेव, ती प्रशिक्षित तज्ज्ञांसाठी आहे. आधी शंभरेक प्रौढांकडून संमतीने निनावी प्रश्नावली भरून घे: विनातिकीट लोकल, सिग्नल तोडणं, परीक्षेतली कॉपी. रोल नंबर, ईमेल काहीच विचारू नकोस, नाहीतर खरं कोणी लिहिणार नाही.